मासे सोडणारे साठे सर

‘खात नाही, तर पकडता कशाला?’ हा प्रश्न साठे सरांना विचारला नाही असा मराठी माणूस त्या काळात लंडनजवळच्या मेडनहेडमध्ये नसावा. मीही विचारला होता, आणि तोही ओळख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात. माणूस पाहून ते उत्तर बदलायचे. ऑफिसातल्या इंग्रज सहकाऱ्यांना ते डॉक्टरांनी ब्लड प्रेशरसाठी मोकळी हवा सांगितल्याचं कारण द्यायचे. गणपतीच्या कार्यक्रमात, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, एका गोल्फ खेळणाऱ्या गृहस्थांनी चारचौघांत त्यांना हे छेडलं, तेव्हा सरांनी हातातला मोदक शांतपणे संपवला आणि विचारलं, “तुम्ही तो बॉल खाता का?” मला मात्र त्यांनी नुसतं “सरळ आहे” एवढंच सांगितलं.

‘सरळ आहे’ हे त्यांचं पालुपद होतं. प्रोजेक्ट सहा महिने मागे पडलेला असो, क्लायंट फोनवर आरडाओरडा करत असो किंवा कौन्सिलने कचऱ्याच्या बिन्सचे दिवस बदललेले असोत, सर चष्मा कपाळावर चढवून आधी ‘सरळ आहे’ म्हणायचे आणि मग वाकडं काय आहे ते सांगायला लागायचे.

मुकुंद साठे मूळचे पुण्याच्या नारायण पेठेतले. मी आणि राजेश, माझा नवरा, दोन हजार चारमध्ये वर्क परमिटवर तिथे गेलो तेव्हा सर पन्नाशीला आले होते आणि एका विमा कंपनीच्या कामावर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर होते. उंच, काटकुळे, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. खाण्यापिण्यात इतके कडक, की ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा अंड्याचा केक टेबलावर आला की ते स्वतःची खुर्ची चार बोटं मागे घ्यायचे. पण मे ते ऑक्टोबर, दर रविवारी, भरतीच्या वेळा पाहून हा माणूस दीड-दोन तास गाडी चालवत साउथ कोस्टला जायचा, छातीपर्यंतचे रबरी वेडर्स चढवून खाडीत शिरायचा आणि बास नावाचा मासा धरून परत पाण्यात सोडून द्यायचा. त्या खाडीचं नाव मी इथे लिहिणार नाही. जागा कुणाला सांगायची नाही असं त्यांनी आम्हां दोघांकडून कबूल करून घेतलं होतं आणि त्या बाबतीत ते फार गंभीर होते.

हे वेड त्यांना केविनमुळे लागलं. केविन आमच्या ऑफिसातला डेटाबेसवाला, त्या किनाऱ्यावरच वाढलेला. त्याची गाडी बिघडली होती म्हणून सर एकदा त्याला पोहोचवायला गेले आणि तो मासे धरेपर्यंत पेपर वाचत बसले. पेपर अर्धा झाला असताना समोरच्या चिखलावर भरतीचं पाणी चढायला लागलं. जेमतेम घोटा बुडेल एवढं पाणी. त्या पाण्यात माशाच्या पाठीवरचा एक काटेरी पर वर आला, हळूहळू गवताच्या कडेने चालत गेला, आणि त्याच्यामागून आणखी तीन. “एवढा मोठा मासा एवढ्याशा पाण्यात येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,” सर ही हकिकत सांगताना दर वेळी म्हणायचे, जणू नारायण पेठेत हे शाळेत शिकवायला हवं होतं. केविन पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीत गेला, जाताना आपला एक जुना रॉड सरांना देऊन गेला.

घरात मात्र ह्या छंदाला हद्द आखून दिलेली होती. ती वसुधाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने आखलेली. रॉड, रीळ, वेडर्स, आमिषाचे प्लॅस्टिकचे खोटे मासे, सगळं बागेच्या टोकाच्या शेडमध्ये. परत आल्यावर बागेतल्या नळीने हातपाय धुवायचे, मागच्या दाराने थेट बाथरूममध्ये जायचं, आंघोळ होईपर्यंत स्वयंपाकघराकडे बघायचंसुद्धा नाही. सर हे सगळं बिनतक्रार पाळायचे. वसुधाताई त्यांना डब्यात दडपे पोहे आणि थर्मासमध्ये चहा द्यायच्या, पण खाडीवर त्या एकदाही गेल्या नव्हत्या. मी एकदा सहज विचारलं तर म्हणाल्या, “मला नाही बघायचं. चांगला माणूस आहे, तेवढं मला पुरे.”

सोमवारी सकाळी ऑफिसात आम्ही मुद्दाम विचारायचो, काल काय झालं सर? ते म्हणायचे, “तीन रिलीज.” आमच्या सॉफ्टवेअरचा एकही रिलीज कधी वेळेवर झाला नव्हता, त्यामुळे ह्यावर सगळे हसायचे, आणि सर सगळ्यात जास्त.

मी अलिबागजवळची, म्हात्र्यांची मुलगी. आमच्याकडे खाजणातला जिताडा हा मानाचा मासा, पहिल्यांदा घरी आलेल्या जावयाला करतात तो. हे सरांना कळल्यावर त्यांनी आम्हां दोघांना एका रविवारी बरोबर नेलं. मी तोवर समजत होते की इंग्लंडचा समुद्र म्हणजे बांधीव किनारा आणि थंड वारा. पण गाडीतून उतरून बांधावर चढले आणि समोर खाजण होतं. तसाच काळा चिखल, तशाच वळणावळणाच्या पाण्याच्या वाटा, तसाच कुबट खारा वास. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “वाटलंच होतं मला,” आणि रॉड जोडायला लागले.

पाण्यात ते वेगळेच दिसायचे. ऑफिसात सतत हलणारा, पेन आपटणारा, येरझारा घालणारा माणूस तिथे गुडघाभर पाण्यात अर्धा-अर्धा तास बगळ्यासारखा उभा. कानटोपी, तिच्यावर इंग्रजी पावसाळी हॅट. मासा कुठे आहे ते बघायचं नाही, म्हणायचे, पाणी कुठे चुकीचं हलतंय ते बघायचं. मला दिसलं नाही, राजेशलाही दिसलं नाही. त्यांनी रॉड मागे नेला, खोटा मासा गवताच्या कडेला अलगद टाकला, आणि पाणी फुटलं.

चांगला हातभर लांब बास होता. चांदीसारखा, तोंडाचा मोठा, थेट आमच्या जिताड्याचा चुलतभाऊ. माझ्या तोंडाला पाणी सुटलं हे मी लपवत नाही. राजेशने तर मनात मसालाही वाटला असावा. सरांनी हात ओले केले, मासा पाण्यातच आडवा धरून पक्कडीने गळाचा काटा काढला, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून थोडा वेळ धरून ठेवला आणि हात उघडले. मासा गेला. राजेशच्या तोंडून “अरेरे” निघालं.

तेव्हा त्यांनी आम्हांला आपला नियम सांगितला. जो जगेल तो सोडायचा. पण आपल्या हातून मेला, तर टाकायचा नाही, कुणाला द्यायचाही नाही. ज्याने मारला त्याने तो खायचा. राजेशने हसत विचारलं, म्हणजे तुम्ही? ते म्हणाले, म्हणजे मी. इतक्या वर्षांत तशी वेळ आली नव्हती आणि येईल असं आम्हां तिघांपैकी कुणाला वाटलंही नाही. आम्ही बांधावर बसून दडपे पोहे खाल्ले आणि घरी आलो.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात सरांच्या आई पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आल्या. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, पाचवारी साडीवर लोकरीचा कोट आणि पायात पांढरे ट्रेनर्स घालून मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवर रोज फेरी मारणाऱ्या. त्यांनी येताना पंचांग आणलं होतं आणि ते सरांच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी लावलं. काही दिवसांतच सरांच्या लक्षात आलं की तक्ता न बघताही चालतंय. आजी म्हणायच्या, उद्या अष्टमी. सर म्हणायचे, मग उद्या भांगाची भरती, पाणी वर चढणार नाही, जाण्यात अर्थ नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण साठ्यांच्या घरात हा शोध लागल्यावर मायलेक दोघंही फार खूश होते. मुलगा मासे धरून सोडतो हे आजींना ठाऊक होतं. रविवारी तो निघाला की फक्त स्वेटर घातलास का, ते विचारायच्या.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात सर, वेडर्स तसेच, हातात पेपरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. खाडीवरून ते स्वतःच्या घरी न जाता सरळ आमच्याकडे आले होते.

“मेला,” ते म्हणाले.

काटा तोंडात न लागता कल्ल्यात आत रुतला होता. काढताना रक्त थांबेना. त्यांनी मासा पाण्यात धरून ठेवला, पुष्कळ वेळ, भरती उतरायला लागेपर्यंत. हात सोडला की तो कुशीवर वळायचा. शेवटी हलायचा थांबला. हे सगळं त्यांनी आमच्या पायपुसण्यावर उभं राहून सांगितलं, आणि मग मासा माझ्यापुढे धरला. तू कर, म्हणाले, मी इथेच जेवतो.

मी म्हटलं, “सर, राहू दे ना. आम्ही खातो की. वाया जाणार नाही.”

“तुम्ही खाल्लंत तर मी सुटेन,” ते म्हणाले. “मला असं सुटायचं नाही, मानसी.”

मी पेपरची गुंडाळी त्यांच्या हातातून घेतली. राजेशने त्यांना कोरडे कपडे दिले. मी मासा साफ करायला घेतला तेव्हा बाहेर बसा म्हणून सांगितलं, तर ते ऐकेनात. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून त्यांनी सगळं पाहिलं, खवले, पोट, सगळं. चेहरा पांढरा पडला होता, पण नजर हटवली नाही. मी कोकम घालून आंबट कालवण केलं, दोन तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या, भात लावला.

ताट वाढलं. सवयीने त्यांचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला, ताटाभोवती पाणी फिरवायला, आणि मध्येच थांबला. क्षणभर विचार करून त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि मग नुसतेच जेवायला लागले. काटे कसे काढायचे ते राजेशने दाखवलं. एकदा ठसका लागला, पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. तुकडी संपवली, कालवण संपवलं, भातही पुन्हा घेतला. हात धुऊन आले आणि खुर्चीवर तसेच बसून राहिले.

मला राहवलं नाही. विचारलं, कसं झालं होतं?

“चांगलं होतं गं,” ते म्हणाले. “तेच वाईट झालं.”

मला वाटलं होतं, हे आम्हां तिघांतच राहील. पण ते घरी गेले, नळीखाली हातपाय धुतले, आंघोळ केली, आणि आईसमोर बसून जे झालं ते सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वसुधाताईंचा फोन आला. माझ्यावर राग नव्हता. त्यांचा राग वेगळाच होता: खाल्लं तर खाल्लं, सांगायची काय गरज होती म्हाताऱ्या जिवाला?

आजी आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फक्त आपल्यापुरतं एक पातेलं आणि एक वाटी वेगळी काढली. शेगडीच्या एका कोपऱ्यावर स्वतःचा वरणभात स्वतः करायच्या आणि मुलाची पाठ वळली की जेवायच्या. तिथी सांगणं बंद झालं. सर ऑफिसात यायचे, काम करायचे, ‘सरळ आहे’ कुठे ऐकू यायचं नाही. दोन आठवड्यांनी रविवारी भरती चांगली होती, तरी ते गेले नाहीत. शेड उघडलीसुद्धा नाही असं वसुधाताई म्हणाल्या, आणि ते सांगताना त्यांना आनंद झाल्यासारखं काही वाटलं नाही. मला फार अपराधी वाटत होतं. मासा माझ्या हातून शिजला होता.

त्यानंतर आणखी दोन आठवड्यांनी, शनिवारी, सरांचा फोन आला. आईला खाडी बघायची आहे, म्हणाले. आणि ती म्हणते, ज्या मुलीने मासा केला तिलाही घेऊन चल.

रविवारी मी घाबरतच गाडीत बसले. मागच्या सीटवर आजी आणि मी. बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग हळूच विचारलं, “कसा केलास?” मी सांगितलं: कोकम, मिरची, ओलं खोबरं. “लसूण?” मी म्हटलं, घातली. त्यांनी मान हलवली. पुढे ड्रायव्हिंग करणाऱ्या मुलाच्या मानेकडे बघत त्या म्हणाल्या, “काटा नाही ना लागला त्याला घशात?” मी नाही म्हटलं आणि माझी निम्मी भीती गेली.

बांधावर घडीची खुर्ची टाकून त्यांना शालीत बसवलं. सर पाण्यात शिरले. त्या दिवशी ते नीट टाकत नव्हते, हात जड झाला होता. तरी थोड्या वेळाने एक लहानसा बास लागला. सरांनी तो ओल्या हातांत धरून, पाण्यातूनच काठापर्यंत आणला. आजी खुर्चीतून उठल्या, माझा हात धरून बांधाच्या पायरीपर्यंत उतरल्या आणि वाकून पाहिलं.

“ह्याला लागतं का रे?”

एवढ्या लोकांना एवढी उत्तरं दिलेला माणूस.

“लागत असणार,” ते म्हणाले.

“मग?”

“मला नाही सांगता येत आई. इथे उभा असलो की मला बरं वाटतं. दुसरं कुठे तसं वाटत नाही.”

आजींनी पुन्हा वाकून माशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आधी त्याला सोड. तो खोळंबलाय.”

सरांनी काटा काढून मासा सोडला. आजी परत खुर्चीत जाऊन बसल्या आणि डबा उघडायला सांगितला. वसुधाताईंनी दिलेले पोहे त्यांनी तीन झाकणांत वाढले, आधी मुलाला दिले, मग मला, मग स्वतःला, आणि तिघांनी एकत्र खाल्ले. त्या आठवड्यात ते वेगळं पातेलं मांडणीत परत गेलं.

सोमवारी कॉफी मशीनपाशी सर मला म्हणाले की त्यांनी पक्कडीने सगळ्या खोट्या माशांचे काटे कापून टाकले. म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा मासा, काटा नाहीच. मला आधी थट्टा वाटली. पण आजी होत्या तोवर, ऑक्टोबर संपेपर्यंत, ते तसेच जात राहिले आणि आजीही दोनदा बरोबर गेल्या. बास मागे लागायचा, झडप घालायचा, रॉडला एक हिसका बसायचा आणि मासा आपला आपण निघून जायचा. एकदा कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाने विचारलं, काही मिळालं का? सर म्हणाले, दोघं येऊन गेले. तो माणूस कुत्र्याला घेऊन जरा लगबगीनेच पुढे गेला, असं सर स्वतःच सांगायचे.

नोव्हेंबरात आजी पुण्याला परतल्या. पुढच्या मे महिन्यात मी सरांना विचारलं, अजून बिनकाट्याचंच चाललंय का? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“नाही. लावले परत. काट्याचा उलटा दात तेवढा घासून टाकतो, म्हणजे पटकन निघतो. आईला सांगितलंय फोनवर.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, पाणी फार गार नाही ना अजून.”

दोन हजार नऊमध्ये मंदीने आमचा प्रोजेक्ट गुंडाळला. निम्मी टीम परत गेली. आम्हांला नॉटिंगहॅमला दुसरं काम मिळालं. सरांनाही लंडनमध्ये मिळत होतं, पण आजींचं चालणं-फिरणं कमी झालं होतं आणि त्यांनी पुण्याला जायचं ठरवलं. वसुधाताईंनी महिनाभर खोकी भरली. शेडमधलं सामान कुणाकुणाला देऊन झालं. आम्ही निरोप घ्यायला घरी जाणार होतो, तर सरांचा मेसेज आला: घरात बसायला खुर्ची नाही, खाडीवर या.

आम्ही पोहोचलो तेव्हा भरती जवळजवळ पुरी झाली होती. सरांची गाडी नेहमीच्या जागी होती, बांधावर कुणी नव्हतं. वर चढून पाहिलं तर सर पाण्यात होते, हातात काहीच नव्हतं. आणि त्यांच्या शेजारी वसुधाताई. सलवार गुडघ्याच्या वर खोचलेली, एका हाताने सरांचा दंड घट्ट पकडलेला, चिखलात पाय रुतत असावेत म्हणून जरा वाकड्या उभ्या. राजेश हाक मारणार होता, मी त्याला थांबवलं.

वसुधाताईंनी दुसरा हात हळूच उचलला आणि गवताच्या कडेच्या पाण्याकडे बोट दाखवलं. सरांना आधी दिसलं नसावं. त्यांनी चष्मा सारखा केला, वसुधाताईंच्या बोटाच्या रेषेत मान वळवली, आणि मग दोघंही हलायची थांबली.